सगळे स्पीकर वाजतात, पण सराउंड नाही: कन्सोल आणि साउंडबारची जोडणी पायरीपायरीने

मागच्या दिवाळीत घरी ५.१ चा साउंडबार आणला. बार टीव्हीखाली, सबवूफर कोपऱ्यात आणि मागचे दोन स्पीकर सोफ्याच्या दोन्ही अंगांना. बसवायला आलेल्या मुलाने टीव्हीवर एक गाणं लावलं, सगळे स्पीकर दणदणले, त्याने कागदावर सही घेतली आणि तो गेला. पुढचे तीन आठवडे मी प्लेस्टेशन ५ वर खेळत होतो आणि आपल्याकडे सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी वेगवेगळा येणारा आवाज, आहे असं समजत होतो.

मग एका रविवारी भाचा खेळायला बसला. गेममध्ये त्याच्या मागे धबधबा होता. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, धबधबा मागे आहे ना? मग आवाज पुढूनपण तेवढाच का येतोय?" त्याने कॅमेरा गोल फिरवला. पाणी डोळ्यांसमोर आलं, बाजूला गेलं, पुन्हा मागे गेलं, आवाज मात्र जागचा हलला नाही.

तेव्हा कळलं की बारला टीव्हीकडून आवाजाचे फक्त दोन चॅनेल, म्हणजे दोन वेगळे प्रवाह, मिळत होते, डावं आणि उजवं. तेच दोन चॅनेल तो सगळ्या स्पीकरांवर पसरवून वाजवत होता. गाण्याला ते छानच वाटतं. पण मागून येणाऱ्या शत्रूची पावलं मागूनच ऐकू यायला हवी असतील, तर मागच्या स्पीकरला त्याचा स्वतःचा वेगळा आवाज मिळायला हवा. पुढचे दोन दिवस मी हेच सोडवत होतो. ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बहुतेक घरांमध्ये कन्सोल आणि साउंडबार एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आवाज कन्सोलमधून टीव्हीत जातो आणि टीव्हीतून बारमध्ये. म्हणजे वाटेत तीन नाके आहेत, आणि प्रत्येक नाक्यावर ५.१ च्या सहा चॅनेलचे दोन होऊ शकतात. तसं झालं तर पडद्यावर कुठेही सूचना येत नाही. आवाज येत राहतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. त्यामुळे एखादी सेटिंग बदलून "बघू होतंय का" असं करू नका. एकेक नाका तपासत पुढे जा.

हाताशी काय हवं

- साउंडबारचं माहितीपुस्तक. हरवलं असेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- टीव्हीचा पूर्ण मॉडेल क्रमांक. तो टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर किंवा सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये असतो.
- दोन चांगल्या एचडीएमआय केबल. प्लेस्टेशन ५ बरोबर आलेली केबल उत्तम असते, ती कन्सोललाच ठेवा.
- मोबाइलचा टॉर्च. टीव्हीच्या मागची अक्षरं त्याशिवाय वाचता येत नाहीत.
- स्थिर आवाजाची जागा असलेला एखादा गेम: धबधबा, शेकोटी, वाजणारा रेडिओ. प्लेस्टेशन ५ वर ॲस्ट्रोज प्लेरूम आधीपासूनच असतो, तोही चालेल.

## १. बारवरचा आकडा नीट वाचा

५.१ मधले पाच म्हणजे पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा डावा आणि मागचा उजवा. बिंदूनंतरचा एक म्हणजे सबवूफर. ५.१.२ असेल तर शेवटचे दोन म्हणजे छताकडे तोंड असलेले स्पीकर.

तुमचा बार २.१ असेल तर मागून खरा आवाज येण्याची सोयच त्यात नाही. 'व्हर्च्युअल सराउंड' नावाची युक्ती त्यात असू शकते. ती आवाज थोडा रुंद करते, पण पाठीमागे नेऊन ठेवत नाही. अशा बारसाठी पुढच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका. स्टिरिओ ठेवा आणि चांगला हेडफोन घ्या. शत्रूची दिशा ओळखायला तो जास्त उपयोगी पडेल.

नव्याने विकत घेत असाल तर खोक्यावरच्या वॉटपेक्षा दोन गोष्टी बघा: मागचे स्पीकर खरोखर वेगळे आहेत का, आणि मागे 'ई-आर्क' लिहिलेला पोर्ट आहे का (टीव्हीतून बारकडे आवाज नेणारी वाट, पुढच्या पायरीत सांगतो). ४०० वॉट आणि ६०० वॉट हा फरक आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कळत नाही. ई-आर्क आहे की नाही, हे मात्र रोज कळतं.

## २. टीव्हीच्या मागे जा

टॉर्च घेऊन एचडीएमआय पोर्टांवरची अक्षरं वाचा. त्यातल्या एकावर 'आर्क' किंवा 'ई-आर्क' लिहिलेलं असेल. साधारणपणे असा एकच पोर्ट असतो आणि बारची केबल त्याच पोर्टात जायला हवी. शेजारच्या पोर्टात लावली तर बारला काहीच मिळणार नाही.

आर्क म्हणजे उलट दिशेची वाट. एरवी एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज टीव्हीकडे येतात, पण आर्कमुळे त्याच केबलमधून आवाज टीव्हीकडून बाहेर जातो. ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. ई-आर्क ही तिचीच मोठी बहीण, २०१७ सालच्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेली. सगळी मेख या दोघींच्या क्षमतेत आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

कन्सोल आवाज दोन प्रकारे पाठवू शकतो. पहिला प्रकार लिनिअर पीसीएम, म्हणजे काहीही न दाबता जसाच्या तसा आवाज. एका चॅनेलला सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा धरला, तर दोन चॅनेलला सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात आणि सहा चॅनेलला सुमारे ४६ लाख. दुसरा प्रकार डॉल्बी डिजिटलसारखा दाबून बांधलेला आवाज. त्यात सहाच्या सहा चॅनेल जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटमध्ये मावतात.

साधा आर्क पीसीएमचे दोनच चॅनेल नेतो. सहा चॅनेलचं पीसीएम त्यातून जात नाही, पण डॉल्बी डिजिटलचं गाठोडं आरामात जातं. टीव्हीच्या मागे जो लाल दिवा दिसणारा ऑप्टिकल पोर्ट असतो, त्याचंही असंच: दोन चॅनेल पीसीएम किंवा दाबलेलं ५.१. ई-आर्क मात्र आठ चॅनेलपर्यंत न दाबलेला आवाज नेतो.

माझ्या तीन आठवड्यांचं उत्तर इथेच होतं. माझा टीव्ही साधा आर्कवाला, कन्सोल लिनिअर पीसीएमवर, आणि टीव्हीचं आउटपुटही पीसीएमवर. सहा चॅनेल जायला जागाच नव्हती. मग टीव्हीने दोन केले.

आणि एक लक्षात ठेवा: ई-आर्क टीव्ही आणि बार दोघांकडे हवा. एकाकडे असून दुसऱ्याकडे नसेल तर दोघेही साध्या आर्कवर उतरतात.

## ३. वाट ठरवा

पहिली वाट: कन्सोल टीव्हीला, बार टीव्हीच्या ई-आर्कला. दोघांकडे ई-आर्क असेल तर दुसरा विचार करू नका. चित्राची कुठलीही सोय जात नाही आणि आवाजही पूर्ण मिळतो.

दुसरी वाट: कन्सोल थेट बारला, बार टीव्हीला. बारच्या मागे 'एचडीएमआय इन' असेल तरच हे जमतं. आवाज थेट बारला मिळतो, त्यामुळे टीव्ही जुना असला तरी पूर्ण ५.१ मिळतं. यात सापळा चित्राचा आहे. अनेक बार ४के चित्र ६० हर्ट्झपर्यंतच (सेकंदाला ६० चित्रं) पुढे जाऊ देतात, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय) त्यांच्यातून जात नाही. तुमचा टीव्ही मुळात ६० हर्ट्झचाच असेल तर काही बिघडत नाही. १२० हर्ट्झचा टीव्ही घेण्यासाठी पैसे मोजले असतील तर बारच्या पुस्तकात 'पास-थ्रू'चं पान आधी वाचा.

तिसरी वाट: साधा आर्क किंवा ऑप्टिकल. कन्सोल टीव्हीला, बार आर्कला, आणि कन्सोलला डॉल्बी डिजिटल पाठवायला सांगायचं. मी शेवटी हीच वाट धरली. आवाज दाबून बांधायला आणि बारमध्ये सोडवायला थोडा वेळ जातो, म्हणून गोळी सुटणं आणि आवाज येणं यांत किंचित अंतर पडतं. कथेच्या गेममध्ये मला ते जाणवत नाही. ताल धरून बटणं दाबायच्या गेममध्ये जाणवतं.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस यांना स्वतःचा ऑप्टिकल पोर्ट नाही. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रोला होता, ४ स्लिमला काढून टाकला. त्यामुळे नव्या कन्सोलवर ऑप्टिकल हवं असेल तर ते टीव्हीच्या मागूनच घ्यावं लागतं. आणि काही टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज ऑप्टिकलवर देताना त्याचे दोनच चॅनेल करून देतात. ज्यांच्याकडे आर्क आणि ऑप्टिकल दोन्ही आहेत, त्यांनी आर्कच वापरावा.

ब्लूटूथची वाट नाहीच. टीव्ही आणि बार ब्लूटूथने जोडले की स्टिरिओच मिळतो आणि आवाज चित्रामागे रेंगाळतो. वायर दिसू नये म्हणून अनेक घरांत हे केलेलं असतं. गेमसाठी ते काढून टाका.

## ४. केबल जोडा

तिन्ही उपकरणं बंद करा, प्लगही काढा. बारच्या 'एचडीएमआय आउट' किंवा 'टीव्ही आर्क' लिहिलेल्या पोर्टातून टीव्हीच्या आर्क पोर्टात एक केबल लावा. पहिल्या किंवा तिसऱ्या वाटेने जात असाल तर कन्सोलची केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात. दुसऱ्या वाटेने जात असाल तर ती बारच्या 'एचडीएमआय इन'मध्ये.

ई-आर्कसाठी 'हाय स्पीड विथ इथरनेट' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लिहिलेली केबल हवी. सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली दहा वर्षांपूर्वीची केबल साध्या आर्कला बहुधा चालून जाते, ई-आर्कला दगा देऊ शकते. सोन्याचा मुलामा असलेली महागडी केबल घेण्यात अर्थ नाही.

१२० हर्ट्झचे टीव्ही असणाऱ्यांसाठी एक अडचण. काही टीव्हींमध्ये एचडीएमआय २.१ चे दोनच पोर्ट असतात आणि त्यातला एक ई-आर्कचा असतो. म्हणजे बार लावला की कन्सोलसाठी एकच वेगवान पोर्ट उरतो. घरात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही असतील तर एकाला मागच्या रांगेत बसावं लागेल. हे टीव्ही घेण्याआधी बघायचं असतं.

आता चालू करताना आधी टीव्ही, मग बार, शेवटी कन्सोल.

## ५. टीव्हीची सेटिंग: सगळ्यात जास्त गडबड इथे

टीव्ही कारखान्यातून येताना बऱ्याचदा 'पीसीएम'वर असतो, कारण पीसीएम कुठल्याही बारवर वाजतं आणि तक्रार येत नाही. आपल्याला चार गोष्टी बदलायच्या आहेत.

पहिली: एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. हे बंद असेल तर बऱ्याच टीव्हींवर आर्क जागाच होत नाही.

दुसरी: आवाजाचं आउटपुट टीव्हीच्या स्पीकरवरून 'एचडीएमआय आर्क' किंवा 'ऑडिओ सिस्टिम'वर न्या.

तिसरी, आणि हीच कळीची: डिजिटल ऑडिओ आउटपुट.

- सॅमसंग: सेटिंग्ज → साउंड → एक्सपर्ट सेटिंग्ज → डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट. 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' ठेवा.
- एलजी: सेटिंग्ज → साउंड → ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज → डिजिटल साउंड आउटपुट. 'पास थ्रू' ठेवा. जवळच 'एचडीएमआय इनपुट ऑडिओ फॉरमॅट' दिसलं तर कन्सोलच्या पोर्टासाठी ते 'बिटस्ट्रीम' (म्हणजे दाबलेलं गाठोडं) करा.
- सोनी: साउंडच्या ऑडिओ आउटपुटमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' ऑटोवर, आणि 'पास थ्रू मोड' असेल तर तोही ऑटोवर.

वर्षागणिक मेनूची जागा थोडी सरकते, शब्द मात्र हेच असतात. 'पास-थ्रू' म्हणजे टीव्ही गाठोडं उघडत नाही, आलं तसं पुढे देतो. गेमसाठी तेच चांगलं, कारण मध्ये उघडझाक झाली नाही की उशीरही कमी होतो.

चौथी: ई-आर्क असेल तर त्याचं वेगळं बटण असतं, ते 'ऑटो' किंवा 'ऑन' करा. टीव्ही ई-आर्कचा असूनही हे बटण बंद, असं मी दोन मित्रांकडे पाहिलं.

डीटीएसबद्दल (डॉल्बीसारखाच, आवाज दाबून बांधायचा दुसरा प्रकार) एक इशारा. कन्सोलच्या यादीत डॉल्बीशेजारीच डीटीएस दिसतं आणि "हे जास्त चांगलं असेल" असं वाटतं. पण सॅमसंगच्या २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस नाही, आणि एलजीच्याही काही वर्षांच्या मॉडेलमध्ये ते नाही. आवाज टीव्हीतून जाणार असेल तर डॉल्बीच निवडा. डीटीएस निवडल्यावर घर शांत झालं, तर बार बिघडलाय असं समजू नका.

## ६. कन्सोलची सेटिंग

प्लेस्टेशन ५: सेटिंग्ज → साउंड → ऑडिओ आउटपुट. एचडीएमआय उपकरणाच्या प्रकारात 'टीव्ही', 'साउंडबार' आणि 'एव्ही ॲम्प्लिफायर' असे तीन पर्याय येतात. 'साउंडबार' निवडा. मागचे स्पीकर वेगळे असूनही मागचा आवाज नीट जात नसेल तर 'एव्ही ॲम्प्लिफायर' करून बघा. तिथे चॅनेलची संख्या ५.१ अशी हाताने ठरवता येते आणि स्पीकर कुठे ठेवलेत तेही सांगता येतं.

मग खाली 'ऑडिओ फॉरमॅट'चं प्राधान्य. ई-आर्क किंवा दुसरी वाट असेल आणि बार अनेक चॅनेलचं पीसीएम घेत असेल तर 'लिनिअर पीसीएम', कारण त्यात उशीर सर्वांत कमी. साधा आर्क किंवा ऑप्टिकल असेल तर 'डॉल्बी'. छताकडे तोंड असलेले स्पीकर असतील तर 'डॉल्बी ॲटमॉस' (वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार). प्लेस्टेशन ५ वर हा पर्याय २०२३ च्या अपडेटनंतर आला, त्यामुळे तो दिसत नसेल तर आधी कन्सोल अपडेट करा.

याच भागात टीव्हीच्या स्पीकरसाठी '३डी ऑडिओ'चं बटण आहे. ते फक्त टीव्हीच्या दोन स्पीकरांसाठी आहे. बार लावल्यावर ते बंद ठेवा, नाहीतर दिशांचा गोंधळ होतो.

एक्सबॉक्स: सेटिंग्ज → जनरल → व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट. एचडीएमआय ऑडिओमध्ये ई-आर्क असेल तर '५.१ अनकॉम्प्रेस्ड', बार ७.१ चा असेल तर '७.१ अनकॉम्प्रेस्ड'. साधा आर्क असेल तर 'बिटस्ट्रीम आउट' आणि त्याखाली 'डॉल्बी डिजिटल'. ॲटमॉससाठी 'डॉल्बी ॲक्सेस' नावाचं ॲप उतरवावं लागतं. साउंडबारसाठी ते फुकट आहे, पैसे पडतात ते हेडफोनच्या ॲटमॉसला. ॲप उघडल्यावर विकत घ्यायचं पान समोर आलं तर तुम्ही हेडफोनच्या भागात शिरलात, मागे फिरा आणि होम थिएटर निवडा.

निन्टेन्डो स्विच: सिस्टिम सेटिंग्ज → टीव्ही सेटिंग्ज → टीव्ही साउंड → सराउंड. पण स्विच ५.१ आवाज फक्त लिनिअर पीसीएममध्ये देतो, डॉल्बी देतच नाही. म्हणजे साध्या आर्कवर दोनच चॅनेल पोचतात. मधल्या टीव्हीनेच पीसीएमचं डॉल्बी करून दिलं तर गोष्ट वेगळी, पण फार थोडे टीव्ही ते करतात. स्विचवाल्यांनी ई-आर्क किंवा 'एचडीएमआय इन' असलेलाच बार घ्यावा. तिसऱ्या वाटेवर त्यांनी रात्री जागवू नयेत.

आणि कंट्रोलरला हेडसेटची पिन लावलेली असेल तर काढा. आवाज तिकडे वळलेला असतो आणि आपण टीव्हीच्या मेनूत शोधत बसतो.

## ७. बारचा मोड बदला

माझी फसवणूक झाली ती या मोडमुळेच, म्हणून हे मनापासून सांगतो. बऱ्याच बारमध्ये दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरांवर पसरवणारा मोड असतो: 'सराउंड', 'ऑटो साउंड', 'म्युझिक', नावं वेगवेगळी. तपासणी करताना तो बंद करा आणि 'स्टँडर्ड' ठेवा. मागच्या स्पीकरला स्वतःचा आवाज मिळत नसेल तर तो गप्प बसेल, आणि आपल्याला तेच कळायला हवंय.

मग बारच्या डिस्प्लेवर कोणता आवाज येतोय ते बघा. रिमोटवर 'इन्फो' किंवा 'आय' बटण असतं, ते दाबलं की 'डॉल्बी ऑडिओ', 'पीसीएम', 'मल्टिचॅनेल पीसीएम', 'ॲटमॉस' यांपैकी काहीतरी दिसतं. नुसतं 'पीसीएम' किंवा '२ चॅनेल' दिसलं तर पाचव्या पायरीवर परत जा. डिस्प्ले नसलेल्या बारवर दिव्याचा रंग बदलतो, रंगांचा अर्थ पुस्तकात दिलेला असतो.

## ८. गेमच्या आतही एक सेटिंग असते

बऱ्याच मोठ्या गेममध्ये ऑडिओच्या पानावर 'टीव्ही स्पीकर', 'हेडफोन', 'होम थिएटर' असे पर्याय असतात. 'होम थिएटर' किंवा 'सराउंड' निवडा. 'हेडफोन' राहिला तर गेम स्वतःच दोन कानांसाठी आवाज मिसळून पाठवतो आणि वरच्या सात पायऱ्या वाया जातात.

डायनॅमिक रेंजही तिथेच असते. रात्री घरचे झोपलेले असतील तर ती कमी ठेवा: स्फोट दबतो, कुजबुज ऐकू येते.

## ९. कॅमेरा फिरवून तपासा

धबधब्याजवळ, शेकोटीजवळ किंवा एका जागी वाजणाऱ्या कुठल्याही गोष्टीजवळ उभे राहा. पात्र हलवू नका, फक्त कॅमेरा सावकाश गोल फिरवा. आवाज पुढून उजवीकडे, उजवीकडून मागे, मागून डावीकडे असा सरकत गेला पाहिजे. पाठीमागे असताना पुढचा बार जवळजवळ शांत व्हायला हवा.

मागच्या एकेका स्पीकरला कान लावून बघा. डावा-उजवा उलटा जोडला गेला असेल तर तेही इथे उघड होतं. सबवूफरला वायरने जोडायच्या मागच्या स्पीकरांमध्ये हे सहज होतं, कारण दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. गाण्यांवर आणि चित्रपटांवर ही तपासणी करू नका. कितीतरी गाणी मुळात स्टिरिओच असतात.

## १०. स्पीकर कुठे ठेवायचे

५.१ मध्ये मागचे स्पीकर नेमके पाठीमागे नसतात. आपण समोर बघत असताना ते बाजूला आणि जरासे मागे असावेत, समोरच्या रेषेपासून साधारण ११० ते १२० अंशांवर, कानाच्या उंचीवर किंवा थोडे वर. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार असतं. सोफा एक फूट पुढे ओढता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर स्पीकर सोफ्याच्या दोन्ही टोकांना थोडे उंच लावा आणि तोंड बसणाऱ्याकडे करा. भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसलेल्या भाड्याच्या घरात मी दोन उंच स्टुलं वापरली आहेत, काम होतं.

बार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका, पुढच्या कडेपर्यंत आणा. छताकडे आवाज फेकणाऱ्या बारला वर मोकळी जागा आणि सपाट छत लागतं, साधारण साडेसात ते बारा फुटांवरचं. पीओपीचं पायऱ्यापायऱ्यांचं छत असेल तर वरच्या चॅनेलचे पैसे देण्याआधी विचार करा.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की घुमतो. खाली राहणाऱ्यांच्या छताला ते थेट जातं. त्याच्याखाली जाड रबरी मॅट घाला आणि दहानंतर बास दोन-तीन घरं खाली आणा.

## अडलंच तर

आवाज येतो, पण तोंडाच्या हालचालीमागे पडतो. टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. मग डिजिटल आउटपुट 'पास-थ्रू'वर आहे का. टीव्हीत किंवा बारमध्ये 'ऑडिओ डिले' असेल तर तो शून्यावर आणा. हे बटण आवाज आणखी उशिरा नेऊ शकतं, पण लवकर आणू शकत नाही.

कन्सोलमध्ये डॉल्बीचा पर्याय राखाडी दिसतो. कन्सोल समोरच्या पोर्टाला "तुला काय काय चालतं?" असं विचारतो आणि टीव्ही जे सांगतो तेवढंच दाखवतो. टीव्ही पीसीएमवर असेल तर काही टीव्ही डॉल्बीचं नावच घेत नाहीत. टीव्हीची सेटिंग आधी बदला, मग कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

काल चालत होतं, आज स्टिरिओ झालं. आमच्याकडे हे वीज जाऊन आल्यावर होतं. वीज परत आली की तिन्ही उपकरणं एकदम जागी होतात आणि त्यांची ओळखपाळख अर्धवट राहते. तिघांचे प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, मग टीव्ही, बार, कन्सोल या क्रमाने लावा. टीव्हीच्या अपडेटनंतरही आउटपुट पुन्हा पीसीएमवर गेलेलं मी एकदा पाहिलंय. म्हणून सगळं जमल्याबरोबर टीव्हीचं, कन्सोलचं आणि गेमचं आवाजाचं पान, अशा तिन्ही पडद्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. माझ्या फोनमध्ये ते 'धबधबा' नावाच्या अल्बममध्ये आहेत.